रुळावरचा रुसवा

१४ मार्च १९५७, गुरुवार

उद्या होळी आन् लाकडं कमी. म्हणून आज दुपारी मी आन् येडबा किशनरावाच्या कापसाच्या जिनिंगात मागून घुसलो. येडबा म्हंजे माझा चुलतभाऊ. शेळ्या वळतो, डोकं जरा हळू चालतं, पण पळतो झकास. होळीसाठी उचललेल्या लाकडाला आमच्या गावात कुणी चोरी म्हणत न्हाई, तसा दस्तूरच हाय.

मागच्या शेडात ट्रामचा डबा हाय. किशनरावाच्या बापानं निजामाच्या टायमाला बसवलेली ट्राम. स्टेशनापासून मोंढ्यापर्यंत, म्हंजे कापूस-धान्याच्या बाजारापर्यंत रूळ, रुळावर डबा आन् डब्याला बैलजोडी. सकाळी कापसाच्या गाठी जायच्या, मंग माणसं. रझाकाराच्या धामधुमीत बंद पडली ती पडलीच. आता डब्यात शेळ्या बसत्यात आन् कोंबड्या अंडी घालत्यात.

सागवानी बाकडं बगून येडबा म्हणला, "लय जळंल हे." मी फळीला पहार लावली. तेवढ्यात आतून आवाज आला, "तिकीट काढलंस का?"

येडबा तिथूनच पळाला. मी बगितलं तर लिंबाजीबाबा. ह्यानंच ट्राम हाकली, बंद पडेस्तोवर. खाकी कोट घालून शेळ्यांच्या मधी बसलेला.

"बाबा, कुठं निघाली ट्राम?" म्हणलं.

"स्टेशनला. बसायचं तर बस. फळी सोड."

मी पहार खाली ठेवली. कामून ठेवली ते मला बी कळलं न्हाई. येडबा म्हणतो भ्यालास. भ्यालो न्हाई. होळीला दुसऱ्या कुणाचं तरी फाटक देऊ.

१७ मार्च, रविवार

धुळवडीचा रंग अजून कानातून निघाला न्हाई. सकाळी मोंढ्यातल्या हाटेलात कळलं की किशनरावानं ट्राम भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय. आखितीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, त्याच्या पोरीचं, सुमनचं लगीन. ते झालं की जालन्याचा माणूस येणार, डबा तोडून नेणार. रूळ बलदिया, म्हंजे नगरपालिका, उपटणार, सडक करणार, मोटारी येणार.

मला काय झालं कुणास ठाऊक. उभा राहून म्हणलं, "आखितीच्या आत मी ती ट्राम चालवून दाखवतो. न्हाई चालली तर अर्धी मिशी काढून बाजारात फिरीन."

हाटेलवाला म्हणला, "आधी मिशी तर येऊ दे, भुजंग्या."

लय हसले. हसू द्या. म्हणून ही वही आता नेमानं लिवणार. उद्या ट्राम चालली की हेच लोक म्हणतील आमीच चालवली. कुणी काय केलं ते माझ्याजवळ लिवलेलं पायजे. सातवीला तीनदा बसलो, तवा अक्षर चांगलं घटलेलं हाय.

२० मार्च, बुधवार

किशनरावाकडं गेलो. ओसरीवर बसून लग्नाच्या पत्रिका बगायला व्हता.

"काय रे? आता काय चोरायला आलास?"

"मालक, ट्रामचा डबा साफ करून देतो. शेळ्या काढतो, लेंड्या काढतो. जालन्यावाला घाण बगून नाक मुरडंल."

चष्म्यावरून बगितलं माझ्याकडं. "आन् चालवून दाखवणार हायेस म्हणं?"

"साफ झाली की आपोआप चालंल."

"चालव, लेका. माझ्या बापाची वस्तू हाय, जाताना तोंड धुऊन जाऊ दे. पण आखिती झाली की ती जाणार. त्यात बदल न्हाई."

येताना मागून हाक मारली. "एरंडीचं तेल लागलं तर तेलाच्या घाण्यावरून घे. माझं नाव सांग." भंगारात जायच्या वस्तूला तेल कशाला ते मी विचारलं न्हाई. फुकट मिळायलंय तर घ्यावं.

२८ मार्च, गुरुवार

आठ दिवस लिवलं न्हाई. हात लिवायच्या लायकीचे नव्हते. चाकं गंजून आसाला चिकटली व्हती. घासलेट ओतलं, राखेनं घासलं, मंग एरंडीचं तेल. परवा संध्याकाळी पयलं चाक फिरलं तवा येडबा असा ओरडला की गाभण शेळी उधळली.

लिंबाजीबाबा बाकड्यावर बसून हुकूम सोडतो. "ती खीळ तिकडं. न्हाई, हिकडं. न्हाई, तीच बरी व्हती." बाबाला सगळं आठवतं, पण रोज येगळं आठवतं.

बाबाची नात कडू रोज त्याची भाकर घिऊन येती. किशनरावाच्या वाड्यावर लग्नाच्या शेवया-पापडाच्या कामाला हाय, तिथून हिकडं येती. जिभेची लय तिखट. आज म्हणली, "शेळ्या काढल्या, आन् हे दोन बोकड कामून ठेवले?"

मी म्हणलं, "तुझी भाकर खायला."

तर उद्यापासून तीन माणसाची भाकर आणीन म्हणली. आता आजा एकटा, तीन माणसाची कशाला ते तिलाच ठाऊक. येडबा म्हणला तिला मोजता येत न्हाई.

३ एप्रिल, बुधवार

पाडवा झाला. आज बिरेक बसवला आन् मोठी गंमत झाली, म्हंजे आता गंमत वाटायली, तवा न्हाई वाटली.

बिरेकाचं एक उभं चाक हाय, ते फिरवलं की लाकडी ठोकळा ट्रामच्या चाकाला आवळतो. बाबा म्हणला, "उजवीकडं फिरव, घट्ट. माझा जल्म गेला ह्यात." बरं, उजवीकडं तर उजवीकडं. मी आन् येडब्यानं डबा मागून ढकलला. शेडाबाहेर उतार हाय. डबा निघाला. बाबा उजवीकडं फिरवायलाय, डबा अजून जोरात. बाबा अजून फिरवायलाय. मी पळतोय, येडबा पळतोय, बाबा आत उभा राहून घंटा वाजवायलाय, "बाजूला व्हा, बाजूला!" सरळ सरकीच्या ढिगात जाऊन डबा थांबला. बाबा कमरेपर्यंत सरकीत.

कडू म्हणली, "बाबा, तवा तुमी मागं तोंड करून बसत व्हता का?"

"बिरेक उलटा बसवलाय ह्यांनी!" बाबा म्हणला.

उलटा न्हाई, आमी बगितला. डावीकडं आवळतो. बाबाला पटलं न्हाई आन् पटणार बी न्हाई. पण एक सांगतो, डबा चालला. कुणी ढकलून का होईना, आपल्या चाकावर, किरकिर न करता. रात्री आई म्हणली, जेवताना हसतोस कामून.

१२ एप्रिल, शुक्रवार

आता रुळाचं. डबा चालतो पण रूळ कुठंय? मोंढ्यातला सगळा रूळ मातीखाली, शेणाखाली, आन् एका दुकानदाराच्या तर ओट्याखाली. आमी दोघं खणायला बसलो तर पुढच्या होळीपर्यंत खणावं लागंल. डोकं लढवलं.

काल बाजारात येडब्याला बाजूला घिऊन सांगिटलं, "कुणाला बोलू नकोस. ट्राममधी बसताना लोकांच्या खिशातून निजामाचे हाली रुपये पडायचे. रुळाच्या खाचेत अजून तसेच हायेत. चांदीचे." येडब्याच्या पोटात काई राहत न्हाई, म्हणूनच त्याला सांगिटलं.

आज सकाळी उठलो तर मोंढ्यात माणूस मावंना. खुरपी, कुदळी, कुणी नुसते चमचे. वालूरहून बाजाराला आलेले लोक मुक्कामी राहिले. ज्याच्या ओट्याखाली रूळ व्हता त्यानं स्वतःच ओटा फोडला, आन् दुसऱ्याला जवळ येऊ दिलं न्हाई. दुपारपर्यंत खाच अशी साफ केली की पाणी सोडलं असतं तर स्टेशनापर्यंत वाहत गेलं असतं. सापडलं काय? एक जोडवं, एक किल्ली आन् ढीगभर सरकी.

आन् येडब्याला खरंच एक हाली रुपया सापडला. मी टाकला नव्हता! आता तो म्हणतो, "तू खोटं कधी बोलत न्हाईस, भुजंग्या." काय सांगू त्याला.

कडूनं डब्याला पडदे शिवले, जुन्या लुगड्याचे, हिरवे. मला म्हणली, "गावाला उल्लू बनवायचं डोकं हाय. तेवढंच ट्राम वाचवायला लाव की."

ते ऐकून जरा राग आला.

२३ एप्रिल, मंगळवार

आज वालूरच्या मामाची बैलजोडी आणून शेडापासून मोंढ्यापर्यंत ट्राम नेली आन् आणली. चालली! हाटेलवाल्यानं स्वतःहून च्या पाजला. मिशी वाचली. पोरं मागं लटकायला लागली तवा मी त्यांना शिव्या दिल्या आन् मंग आठवलं की मी बी लहानपणी असाच लटकायचो, तवा दोघांना राहू दिलं.

तरी मन लागंना. शेडात परत लावली तवा आसं वाटलं की नवरदेव सजवून फाशी द्यायला नेतोय. किशनरावाला विचारलं, "मालक, आता तर चालती. ठेवा की." तो म्हणला, "शब्द दिलाय मी जालन्यावाल्याला. गावात माझ्या शब्दाला किंमत हाय म्हणून धंदा हाय. कुण्या भुजंगासाठी शब्द फिरवला म्हणून सांगू का लोकाला?" खरं सांगायचं तर त्याचं बी चुकलं न्हाई.

शेडात बसलो व्हतो तोंड पाडून. कडू भांडी घासत व्हती. स्वतःशीच बडबड करायली व्हती: "सुमनताईचा नवरा गरीब गाय हाय म्हणं. पंगतीला रुसायला बी यायचं न्हाई त्याला. जावई रुसला की सासरा शब्द बी मोडतो, काय बी देतो, त्यात कुणी नाव ठेवत न्हाई. आन् ह्याला मागायचं काय तेच म्हाईत न्हाई. कुणी तरी सांगाया पायजे बाई त्याला."

आन् मला एकदम सुचलं! एकदम! जावयाला ट्राम मागायला लावायची! लग्नाच्या पंगतीत जावई रुसून बसला की सासऱ्याला द्यावंच लागतं, सगळ्या गावासमोर. मग जालन्यावाला गेला उडत. मी उडी मारून कडूला सांगिटलं. ती म्हणली, "आगं बाई, किती डोकं रे तुला." हसली बी. तिला बी पटलं म्हणायचं.

२ मे, गुरुवार. आखिती.

दिवसभर पळून पाय गेले. पण लिवतो.

जानोशावर मी पाणी द्यायला व्हतो. जानोसा म्हंजे वऱ्हाड उतरलेलं घर. नवरदेव बन्सीधर, परभणीचा. बाशिंग बांधून घामानं भिजलेला. पाण्याचा तांब्या देताना म्हणलं, "दाजी, पंगतीला रुसणार ना?"

"बाबा म्हणले, सायकल माग." आवाज आसा की मागच्या खोलीतल्या बापाला ऐकू जाऊ नये.

"सायकल तर कुणी बी मागतं. तुमच्यासाठी ट्राम मागा. आख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या जावयाला मिळाली न्हाई."

"ट्राम?" डोळे मोठे झाले त्याचे. "मी लहान असताना आत्याकडं आलो व्हतो. ट्रामवाला बसू देईना, पैसे नव्हते."

मी म्हणलं, आज सासरा पैसे देईल.

लगीन लागलं. पंगत बसली. बन्सीधरनं हात आखडला. सगळे खूश, आता मजा. बायांनी गाणं सुरू केलं. किशनराव अंगठी घिऊन आला. मान हलवली. घड्याळ आणलं. मान हलवली. किशनराव म्हणला, "जावईबापू, सायकल काढू का?" बन्सीधरचा बाप माणिकराव खुशीत मिशीला हात लावायलाय. आन् बन्सीधर म्हणला, "ट्राम."

जिलबी तळणाऱ्यानं झारा तसाच वर धरला.

"ट्राम?" किशनराव म्हणला. "ती भंगारात दिली, बापू."

"मंग मी जेवत न्हाई." आन् ताट सरकवलं. मानलं त्याला! मी तर 'ट्राम मागा' एवढंच शिकवलं व्हतं, ताट सरकवायचं न्हाई शिकवलं. कुणी शिकवलं काय म्हाईत.

किशनरावानं गावाकडं बगितलं, गावानं किशनरावाकडं. मंग तो मोठ्यानं म्हणला, "दिली! जालन्याला माझा निरोप सांगा, जावयापुढं माझं काई चालत न्हाई." टाळ्या. बन्सीधर जेवला. मी येडब्याला उचलून फिरवला.

आन् तिथंच माझी अक्कल संपली. पान खाता खाता माणिकराव व्याह्यांना म्हणला, "रुसव्यात दिलेली वस्तू जावयाची. म्हंजे आता आमची. लोखंड चांगलं हाय. उद्या जाताना मीच निरोप धाडतो जालन्यावाल्याला, आमाला चांगला भाव देईल."

हे मी धरलंच नव्हतं! रुसव्यातलं जावयाच्या मालकीचं होतं, एवढं लेकरालाबी कळतं. किशनरावाच्या हातातून काढली आन् त्याच्यापेक्षा वाईट माणसाच्या हातात दिली. मीच. माझ्या डोक्यानं.

कडूला सांगिटलं तर ती मेंदी वाळवत बसली व्हती. "बरं झालं की जावयाची झाली," म्हणली.

"बरं? आगं तो इकणार हाय!"

"तो कुठं? त्याचा बाप इकणार हाय. तुला फरक कळत न्हाई का?" आन् उठून सुमनताईकडं गेली. दुसऱ्याच्या वाईटावर हसणारी पोरगी हाय ही.

३ मे, शुक्रवार

आज पाठवणी. सुमनताईनं हट्ट धरला की स्टेशनापर्यंत ट्राममधूनच जाणार. जावयाचीच वस्तू, कोण न्हाई म्हणणार. शिवाय पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर परभणीला कोण? कडू. मला सांगिटलं बी न्हाई.

मामाचे बैल जुंपले, शिंगं रंगवून. पुढं मी बिरेकावर, लिंबाजीबाबा कासरा धरून. आत नवरा-नवरी, कडू, माणिकराव आन् किशनराव. किशनराव बसलाच न्हाई. पुढं येऊन माझ्याजवळ उभा राहिला आन् सारखी घंटा वाजवायला लागला. समोर कुणी नसताना बी. मला वाटलं बिघडवतो आता.

गाव दोन्ही बाजूंनी उभं. पडदे उडायले. मोंढ्याच्या पुढं स्टेशनाचा उतार लागला आन् बँडवाल्यानं मोठा आवाज काढला. बैल बिचकले, पळाले. डबा त्यांच्या मागं धडधडायला लागला.

"उजवीकडं! उजवीकडं!" बाबा ओरडला.

मी डावीकडं फिरवला, अंगातलं सगळं बळ लावून. ठोकळा करकरला, धूर निघाला, डबा मंदावला. बैल बी निवांत झाले. बाबा मागं बगून सगळ्यांना म्हणला, "बगितलं? उजवीकडं." असू दे. आज त्याचा दिवस.

मागं काय चाललं व्हतं मला दिसलं न्हाई. एवढं ऐकू आलं की सुमनताई सारखी बन्सीधरच्या कानाला लागायली व्हती आन् कडू मधीच 'तसं न्हाई, असं' म्हणायली व्हती. नवरा-नवरीचं बोलणं, त्यात हिनं कशाला पडावं?

स्टेशनावर उतरलो. गाडी यायची व्हती. माणिकराव डब्याच्या चाकाला हात लावून वजनाचा अंदाज घ्यायला लागला. आता बोलू का नको, बोललो तर लग्नात भांडण, न्हाई बोललो तर ट्राम गेली.

तेवढ्यात बन्सीधर पुढं आला. हात जोडून बोलला. "बाबा, ट्राम माझी हाय. मला रुसव्यात मिळाली. दिवाळसणाला सासरी येईन तवा हिच्यातच बसून जाईन. तवा ही इथं उभी नसली तर मी गाडीतून उतरणार न्हाई. आन् गंजलेली दिसली तरी उतरणार न्हाई."

बोलताना सारखा सुमनताईकडं बगायला व्हता, शाळेत कविता म्हणताना पोरगं मास्तराकडं बगतं तसा. नवी नवरी हाय, बगणारच.

माणिकराव म्हणला, "येडा झालास का?"

पण किशनरावानं लगेच त्याचा हात धरला. "व्याही, जावई दिवाळीला स्टेशनातून परत गेला तर मी गावात तोंड कुठं दाखवू? माझ्या दाराची शोभा जाईल. ट्राम हितंच राहील, जावयाच्या नावानं. सांभाळायचं माझ्याकडं लागलं." एवढं पटापट बोलला की जसं आधीच तोंडात तयार व्हतं. मंग माझ्याकडं बोट केलं. "हा हाकंल. रोज. गंज चढला तर ह्याला विचारा."

माणिकरावानं चाकावरचा हात काढला. गाडी आली. रडारड झाली. कडू गाडीच्या डब्यात चढताना माझ्याकडं बगून म्हणली, "तोंड मिटव, माशी जाईल." आन् गाडी गेली.

बन्सीधर इतका हुशार निघंल असं वाटलं नव्हतं. पण बी मीच पेरलं, हे इसरू नये कुणी. ट्राम वाचली. वाचली!

९ मे, गुरुवार

जालन्यावाला परवा येऊन गेला. किशनरावानं त्याला ओसरीवर बसवलं, सरबत दिलं आन् म्हणला, "जावयाची वस्तू हाय, मी हात लावू शकत न्हाई." असा दुःखी चेहरा केला की मी खिडकीतून बगून हसलो.

मोंढ्यापासून स्टेशनापर्यंत रोज फेऱ्या चालू. बलदियावाले म्हणले, सडक करताना रूळ मधी ठेवू, जावयाचा मामला हाय. माणसं बसत्यात, भाजीच्या पाट्या येत्यात. लिंबाजीबाबा रोज येगळ्या पद्धतीनं कासरा धरायला शिकवतो. येडबा म्हणतो मागच्या बाकड्यावर शेळ्या न्यायच्या. न्हाई म्हणलं.

पाठराखीण किती दिवसांनी परत येती त्याचा हिशोब कुणाला नसतो. मी तरी केला न्हाई. पण परभणीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला ट्राम स्टेशनात न्यायला लागलो. ट्राम चालू राहिली तर चाकं मोकळी राहत्यात, एवढंच कारण. येडबा म्हणला, मंग मनमाडकडून येणाऱ्या गाडीला कामून न्हाई नेत? त्याला यंत्रातलं काई कळत न्हाई.

आज संध्याकाळच्या गाडीतून कडू उतरली. हातात बोचकं. म्हणली, "कुणासाठी थांबलास?"

"प्रवाशासाठी."

तिनं डब्यात बगितलं. एक बी माणूस नव्हतं. सगळी बाकडी मोकळी, तरी येऊन माझ्या मागच्याच बाकड्यावर बसली. म्हणलं, "तिथं वारा लागंल."

"लागू दे," म्हणली. "तू हाक."

हाकली.